मुरूम उचलल्यानंतर: दीड एकराच्या खड्ड्याचे पुन्हा शेत करताना

गाव, गट आणि माणसे ओळखू येतील असे तपशील या प्रकरणातून काढले आहेत. मोजमापे हिशेबाला सोपी जावीत म्हणून पूर्णांकात आणली आहेत.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यातले गाव. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, त्यातला बराचसा सप्टेंबरात. दोन भावांच्या सामाईक सातबाऱ्यावर चार एकरांचा गट होता. त्यातला वरचा दीड एकर हलका: वीतभर माती, तिच्याखाली तांबूस मुरूम आणि मुरमाखाली त्याहून घट्ट मांजऱ्या खडक. बाजरी-हुलग्यापलीकडे त्यात काही येत नव्हते. जवळच रस्त्याचे काम निघाले आणि कंत्राटदाराने तात्पुरत्या परवान्यावर मुरूम मागितला. भावांनी तो दिला. काम संपल्यावर "तुम्हाला आयते शेततळे होईल" एवढाच शब्द होता, कागदावर काही नव्हते.

दोन हंगाम उत्खनन चालले. मागे राहिला तो १०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद खड्डा. पश्चिमेला, म्हणजे चढाच्या बाजूला, तो २ मीटर खोल होता आणि पूर्वेला, ओढ्याच्या अंगाला, ५ मीटर. सरासरी साडेतीन मीटर धरली तर २१,००० घनमीटर, म्हणजे सुमारे ७,४०० ब्रास. (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर.)

कायद्याची चौकट थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढे तिचा संबंध येतो. मुरूम हे गौण खनिज आहे. त्याचे उत्खनन महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चे कलम ४८ आणि गौण खनिज उत्खननाचे २०१३ चे राज्य नियम यांखाली येते. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात पाच हेक्टरांखालच्या गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरीच्या कक्षेत आणले. खाण बंद करताना जमीन कशी सोडायची, हा प्रश्न त्यामुळे लहान खड्ड्यांनाही लागू झाला. प्रत्यक्षात मात्र परवान्याची मुदत संपली की यंत्रे निघून जातात आणि खड्डा शेतकऱ्याच्या नावावर राहतो.

अडचण

पाहणीची सुरुवात मोजणीने झाली. दर १० मीटरवर पातळ्या घेतल्या, तळात पाच ठिकाणी मीटरभर खोल चाचणी खड्डे घेतले आणि तीन ठिकाणी एक फूट खोल भोकात पाणी ओतून ते किती वेळात मुरते ते पाहिले. या तीन गोष्टींना एक दिवस लागतो. तो वाचवला की पुढची सगळी योजना अंदाजावर उभी राहते.

सगळ्यात मोठा तोटा मातीचा होता. दीड एकरावरची २५ सेंटिमीटर माती म्हणजे १,५०० घनमीटर. त्यातली जेमतेम ४०० दगडगोट्यांत मिसळून एका बाजूला ढिगात पडली होती. बाकीची मुरमाबरोबर भरावात गेली. वीतभर माती तयार व्हायला हजारो वर्षे लागतात आणि डंपरमध्ये चढायला काही दिवस. हा तोटा भरून निघत नाही, फक्त बाहेरच्या गाळाने झाकता येतो.

उत्तरेचा कडा शेजाऱ्याच्या बांधापासून जेमतेम एक मीटरवर उभा तोडला होता. पहिल्याच पावसाळ्यात आठ मीटर लांबीचा बांध खड्ड्यात घसरला. शेजाऱ्याची तक्रार सरळ होती: "अण्णा, पैसे तुम्हाला मिळाले आणि बांध माझा गेला." ते खरेच होते.

तिसरी अडचण पाण्याची. खड्डा वरच्या दहा एकरांच्या पाणलोटाच्या वाटेत होता आणि खालून बंद होता. पावसाळ्यात पूर्वेच्या टोकाला पुरुषभर पाणी साचे. तिन्ही बाजूंना उभे कडे असल्याने जनावर आत पडले तर वर येण्याची वाट नव्हती, आणि वस्तीवरची मुले तिथे पोहायला जात. त्यातच ईशान्येला ४५ मीटरवर शेजाऱ्याची ११ मीटर खोल विहीर होती. दख्खनच्या कठीण खडकाच्या प्रदेशात उथळ विहिरींना पाणी देणारा थर म्हणजे हाच मुरूम आणि त्याखालचा झिजलेला खडक. पाणी आता मातीतून गाळून न जाता उघड्या मुरमातून थेट खाली जात होते. विहिरीला पाणी वाढले, पण पावसाळ्यात ते गढूळ येऊ लागले.

कोणते पर्याय तपासले

*खड्डा पूर्ण भरणे.* २१,००० घनमीटर भराव आणायचा तर तेवढाच खड्डा दुसरीकडे पडतो. मध्यंतरी एकाने शहरातला राडारोडा फुकट आणून टाकण्याची तयारी दाखवली आणि भाऊ जवळजवळ तयार झाले होते. राडारोड्यात सिमेंट, प्लास्टिक, रंगाचे डबे, जिप्समचे तुकडे, काहीही येते. विहिरीपासून ४५ मीटरवर, थेट पाणी मुरणाऱ्या थरावर असला भराव म्हणजे पुढच्या पिढीच्या पिण्याच्या पाण्यात हात घालणे. हा पर्याय तिथेच थांबवला हे योग्यच झाले.

*सगळ्या खड्ड्याचे अस्तरीकरण करून, म्हणजे आतून प्लास्टिकचा कागद घालून, शेततळे.* धाकट्या भावाचा यावर जोर होता. तीन गोष्टी आड आल्या. उभ्या कड्यांवर ५०० मायक्रॉनचा कागद टिकत नाही, त्याला किमान दीडास एक (दीड मीटर आडवे, एक मीटर चढ) उतार लागतो. तळातल्या गोट्यांची टोके कागद फोडतात, म्हणून खाली बारीक मातीची गादी लागते, आणि माती तर आधीच गेली होती. शिवाय एवढे तळे भरणार विहिरीतूनच. या पट्ट्यात उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड ते दोन मीटर बाष्पीभवन होते. भूगर्भातले पाणी वर काढून उन्हात ठेवायचे, हा व्यवहार गावाला परवडणारा नाही.

*तसाच सोडून झाडे लावणे.* खर्च सर्वांत कमी, पण कडे आणि पाणी यांचे काहीच होत नाही. अशा उघड्या मुरमावर वेडी बाभूळ आपोआप येते आणि दोन वर्षांत बाकी काही उगवू देत नाही.

*खड्ड्याचे दोन भाग करणे.* खोल पूर्वेकडचा ३५ मीटर लांबीचा भाग अस्तराविना पाझर तळे (पाणी जमिनीत मुरवणारे) म्हणून ठेवायचा, उथळ पश्चिमेकडच्या ६५ मीटरांत दोन ताली, म्हणजे पायरीसारखे जवळपास सपाट पट्टे, काढून शेत करायचे आणि कडे उताराला आणायचे. हाच पर्याय निवडला. त्यातून सुमारे ३० गुंठे लागवडीला मिळणार होते. दीड एकरातले तेवढेच परत येणार, हे भावांना पचवायला वेळ लागला.

ज्या ठिकाणी निर्णय अडले

पहिला निर्णय उत्तरेच्या कड्याचा. उतार काढायला शेजाऱ्याच्या शेतात शिरता येत नव्हते, म्हणून भराव आतून लावायचा होता. २ ते ५ मीटर उंचीच्या कड्याला दोनास एक उतार द्यायला, म्हणजे दोन मीटर आडवे गेल्यावर एक मीटर चढ ठेवायला, १०० मीटर लांबीत सुमारे १,३०० घनमीटर लागतात. खड्ड्यातच पडलेला टाकाऊ मातकट मुरूम ९०० घनमीटर होता. उरलेले ४०० मधल्या न खोदलेल्या उंचवट्यातून काढायचे ठरले. बाहेरून एक ट्रॉलीही आणावी लागली नाही.

दक्षिणेला भावांचीच जमीन होती. तिथे कडा वरून निम्मा कापून खाली निम्मा भरला की हिशेब जागच्या जागी जुळतो, पण वरची सरासरी साडेतीन मीटर रुंदीची पट्टी उतारात जाते. चांगल्या जमिनीची साडेतीन गुंठे पट्टी सोडायला धाकटा भाऊ तयार नव्हता. पूर्वीच्या पावसाळ्यात याच काठाची दीड मीटर पट्टी आपोआप ढासळली होती. ती मोजून दाखवल्यावरच तो राजी झाला. पूर्वेच्या कड्याचा खालचा निम्मा भाग मांजऱ्या खडकाचा होता. तो तसाच ठेवून फक्त वरचा मुरूम दीडास एक उताराने छाटला.

सर्वांत अवघड निर्णय पाण्याच्या पातळीचा होता. खालच्या तालीची कड तळ्याच्या सर्वांत खोल बिंदूपासून फक्त २.३५ मीटर उंच येत होती, तर पूर्वेचा काठ ५ मीटर उंच. खड्डा जमिनीच्या खाली असल्याने त्याला नेहमीसारखा सांडवा काढता येत नाही. तळे बेफिकीर भरू दिले तर आधी ताल बुडणार, मग पाणी काठाला लागणार. म्हणून पाणी आत किती घ्यायचे यावरच नियंत्रण ठेवायचे ठरले. दोन मीटर पातळीला तळ्यात सुमारे १,५०० घनमीटर मावतात. वरच्या दहा एकरांवर एका दिवसात ६० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातले ३० टक्के वाहून आले तर ७२० घनमीटर होतात, आणि खड्ड्यावर थेट पडणारे सुमारे ३६० वेगळे. म्हणजे असे दोन पाऊस लागोपाठ आले की तळे भरले. तेव्हा वरून येणारी चारी खड्ड्यात न सोडता दक्षिणेच्या काठाने, उताराच्या कडेपासून तीन मीटर लांब ठेवून, ओढ्यापर्यंत न्यायची आणि तिच्यातून हवे तेवढेच पाणी तळ्यात घ्यायचे, अशी आखणी झाली.

प्रत्यक्ष काम

यंत्र लावण्याआधी तहसील कार्यालयात लेखी कळवले आणि तलाठ्यांसमोर खड्ड्याची मोजणी नोंदवली. ही पायरी टाळू नये. बंद खाणीत पोकलेन दिसला की तो नवीन उत्खननच समजला जातो, आणि विनापरवाना उत्खननाला कलम ४८ (७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. गटाच्या आत मुरूम हलवायचा, एकही खेप हद्दीबाहेर जाऊ द्यायची नाही, हे चालकांनाही बजावून ठेवले.

काम फेब्रुवारीत सुरू झाले आणि मेअखेर संपले. क्रम असा होता: आधी माळावरची चारी, मग कडे, मग ताली, शेवटी माती. चारी ६० सेंटिमीटर तळाची, तेवढीच खोल, दर १०० मीटरला अर्धा मीटर उताराची. तळ्यात पाणी उतरते तिथे गोट्यांचे पिचिंग (दगडी थर) आणि त्याच्या आधी ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, दीड मीटर खोल गाळखड्डा. तळ्यातून जनावर बाहेर येऊ शकेल असा पाचास एक उताराचा एक रस्ता दक्षिणेला ठेवला. पूर्वेच्या काठावर काटेरी तार ओढून तिच्या आत घायपाताची दुहेरी ओळ लावली.

पश्चिमेकडचा तळ पाच टक्के उताराचा होता. तसाच ठेवला असता तर घातलेली माती दोन पावसांत तळ्यात गेली असती. म्हणून प्रत्येकी ३० मीटर लांबीच्या दोन ताली एक टक्का उताराने काढल्या. दोन्हींच्या मधल्या १.२ मीटर उंचीच्या पायरीला वेचलेल्या गोट्यांचा कोरडा बांध घातला.

मग तळ फोडला. डंपर वर्षभर फिरले की मुरूम सडकेसारखा बसतो. त्यावर कितीही चांगली माती घातली तरी मुळे खाली जात नाहीत आणि पाणी मधल्या फटीत अडते. पोकलेनला एक दाताचा रिपर लावून ५० ते ६० सेंटिमीटर खोल, मीटरभर अंतराने, उताराला आडव्या रेघा मारल्या. त्यावर आधी जुन्या ढिगातली माती आणि मग गाळ.

गाळ जवळच्या पाझर तलावातून आणला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत असा गाळ शेतकऱ्याला रॉयल्टीविना मिळतो. मात्र तलाव ज्या विभागाकडे आहे त्याची परवानगी लागते. आणण्याआधी तलावातल्या तीन जागांचे नमुने तपासले. एका जागेचा सामू (pH) ८.७ निघाला आणि चुनखडीही जास्त होती. तो कोपरा सोडून दिला. गाळ ओला आणला तर त्याची ढेकळे दगडासारखी वाळतात, म्हणून तो एप्रिलमध्ये उपसून, वाळवून, मेमध्ये पसरला. पसरताना ट्रॉली पसरलेल्या मातीवर चढणार नाही अशा रीतीने लांबच्या टोकाकडून मागे मागे येत काम केले. शेवटी उभी-आडवी नांगरट करून गाळ, माती आणि वरचा फोडलेला मुरूम एकमेकांत मिसळला. निव्वळ चिकण गाळाचा थर मुरमावर तसाच ठेवला तर उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात.

दर गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून खर्च तासांत आणि खेपांत देतो: पोकलेन ६५ तास, जेसीबी ४० तास, गाळाच्या ब्रासभर ट्रॉलीच्या १७७ खेपा.

पहिल्या जूनमध्ये दोन्ही तालींवर हिरवळीच्या खतासाठी ताग पेरला आणि फुलोऱ्याआधी गाडला. उतारांवर मारवेल आणि पवना गवताचे ठोंब, त्यांच्यात स्टायलो या चाऱ्याच्या पिकाचे बी, आणि गाळखड्ड्याच्या काठाने वाळा. दुसऱ्या वर्षी वरच्या तालीवर ५ बाय ५ मीटरवर सीताफळाची ६० रोपे लावली. पाणी धरणाऱ्या जमिनीत सीताफळ जगत नाही, म्हणून खालच्या तालीवर फक्त चारा.

काय बिघडले आणि का

पहिली चूक मातीच्या हिशेबात झाली. ३० गुंठ्यांवर ३० सेंटिमीटर थर म्हणजे ९०० घनमीटर. ढिगातली ४०० आणि गाळ ५०० असा मेळ घातला गेला. पण ही दोन्ही मापे सैल मातीची होती. एका पावसाळ्यात ती पाचव्या हिश्श्याने बसली आणि थर २४ सेंटिमीटरवर आला, कोपऱ्यांत तर १८ वर. बसलेली ९०० घनमीटर हवी असेल तर सैल १,१२५ लागते. म्हणजे १७७ नव्हे, सुमारे २५६ खेपा.

दुसरी चूक उत्तरेच्या भरावात. पश्चिमेकडची ७० मीटर लांबी ३० सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, यंत्राने दाबत भरली. मेअखेरीस घाई झाली आणि शेवटच्या भागात वरूनच मुरूम ओतला. जुलैत नेमका तिथेच १२ मीटर लांबीचा भराव घसरला. घसरण जुन्या कड्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून झाली होती. भराव लावण्याआधी जुन्या कड्याला अर्ध्या मीटरच्या पायऱ्या पाडल्या असत्या तर नवा मुरूम त्याला धरून राहिला असता. शेजाऱ्याच्या शेतातून येणारे पाणीही तिथेच उतरत होते. दुरुस्ती करताना पायऱ्या पाडल्या आणि ते पाणी बांधाच्या आतून छोट्या चारीने पूर्वेकडे काढले.

तिसरा बिघाड माणसांच्या व्यवस्थेचा. तळ्यात पाणी घ्यायला चारीतून १२ इंची सिमेंटचा पाइप काढला होता आणि तळे भरले की त्यावर फळी लावायची होती. फळी कोणी लावायची हे मात्र ठरले नव्हते. सप्टेंबरातल्या एका रात्रीच्या पावसाने खालची ताल चार दिवस फूटभर पाण्यात राहिली आणि चाऱ्याची ज्वारी सडली. नंतर तो पाइप काढून ६ इंची बसवला. आता पाइपात मावत नाही ते पाणी आपोआप पुढे ओढ्याला जाते. फळी आजही आहे, पण शेत तिच्यावर अवलंबून नाही.

तीन पावसाळ्यांनंतर

कडे स्थिर आहेत आणि उतारांवर गवत धरले आहे. त्याची वर्षातून दोनदा कापणी होते. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी आता पावसाळ्यातही निवळ येते. गाळखड्डा दर वर्षी मेमध्ये उपसला जातो म्हणूनच हे शक्य झाले आहे. वेडी बाभूळ दर दिवाळीनंतर मुळासकट काढावी लागते.

साठ सीताफळांपैकी ४७ जगली. मेलेली १३ झाडे नकाशावर मांडली तर त्यांतली दहा एका सरळ रेषेत येतात. ती रेषा डंपरच्या जुन्या वाटेची आहे. तिथे मुरूम इतका घट्ट होता की रिपर वर उचलला जात होता, आणि चालकाने वेळ वाचवायला तेवढा पट्टा सोडला. अशा वाटेवर एकदा रेघ मारून भागत नाही. आधी पाणी सोडून दोन दिवस मुरवावे, मग आडवी आणि उभी अशी दोनदा फोड करावी.

वेगळे काय करता आले असते

वरच्या बहुतेक अडचणींचे मूळ परवाना निघाला त्या आठवड्यात आहे. कंत्राटदाराशी साध्या करारात चार गोष्टी लिहून घेतल्या असत्या तर निम्मे काम विनाखर्च झाले असते: मुरमाला हात लावण्याआधी २५ सेंटिमीटर माती काढून वेगळी ठेवणे; शेजाऱ्याच्या बांधापासून कड्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडणे; तळ खोदतानाच तालींच्या पातळीत ठेवणे; आणि मुरमाच्या रकमेचा शेवटचा हप्ता कडे उताराला आणून दिल्यावरच. यातली शेवटची अट सर्वांत जड आहे. तोंडी शब्द यंत्राबरोबर निघून जातो, पण मुरूम फुकट घेतला आणि हप्ता हाती राहिला नाही तर कागदही दुबळाच ठरतो. म्हणून रक्कम हप्त्यांतच घ्यावी.

राखून ठेवलेल्या मातीचा ढीग दोन मीटरपेक्षा उंच नसावा. उंच ढिगात आतली माती हवेविना निर्जीव होते. तो एका पावसाळ्याहून जास्त राहणार असेल तर त्यावर ताग किंवा हुलगा फेकावा.

दीड एकर एकदम न उघडता पाव-पाव एकराच्या पट्ट्यांनी खोदले असते तर पुढच्या पट्टीची माती थेट मागच्या पट्टीवर पसरता आली असती. कंत्राटदाराला असे काम नको असते, कारण त्याला यंत्र सरळ रेषेत चालवायचे असते. पण एवढ्या लहान खाणीत सर्वांत कमी खर्चाची पद्धत हीच आहे.

उरलेले काम

तळ्याचा तळ पहिल्या वर्षी दिवसाला १० सेंटिमीटर पाणी मुरवत होता. गाळखड्डा असूनही बारीक गाळ बसून हा वेग आता ३ सेंटिमीटरवर आला आहे. येत्या उन्हाळ्यात हजार चौरस मीटर तळावरचा १० सेंटिमीटर थर खरवडायचा आहे. त्यातून १०० घनमीटर, म्हणजे ३५ खेपा गाळ निघेल. तो डंपरच्या जुन्या वाटेवर, दोनदा फोड करून झाल्यावर पसरायचा आणि जूनमध्ये तिथे मेलेल्या दहा सीताफळांच्या जागी नवी रोपे लावायची आहेत.